दादांच्या चार सुबाभळी

प्लंबरने मोरीच्या पाइपात हात घातला, कोपरापर्यंत आत नेला, डोळे मिटले आणि काहीतरी ओढायला सुरुवात केली. ते संपता संपेना. ओलं, तपकिरी, केसाळ असं काहीतरी होतं. वहिनी दोन पावलं मागे सरकल्या.

"अगं बाई! उंदीर आहे का?"

"उंदराला एवढी लांब दाढी असते का?" प्लंबर म्हणाला. "मूळ आहे हे. तुमच्या मागच्या झाडांचं. पाइपाच्या सांध्यातून आत शिरलंय. आज मी काढलं, पण झाडं आहेत तोवर ते परत येणार आणि मीही परत येणार. मला काय, माझं पोट चालतं. तुमचं तुम्ही बघा."

वहिनींनी वन्संकडे पाहिलं. वन्संनी वहिनींकडे पाहिलं. मग दोघी एकदमच म्हणाल्या, "बघू."

त्या घरात 'बघू' म्हटलं की विषय विहिरीत पडला असं समजायचं.

घर दोघींचंच होतं. वहिनी कपडे शिवायच्या. मागच्या खोलीत खिडकीला लावून त्यांचं शिलाई मशीन होतं आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांची मापं त्यांच्या डोक्यात होती. वन्सं म्हणजे त्यांची धाकटी नणंद. लग्न केलं नाही, सगळी नोकरी टेलिफोनच्या चौकशी विभागात केली, आणि निवृत्त झाल्या तरी आवाज काही निवृत्त झाला नाही. गल्लीतली माणसं त्यांना मागून 'घंटी' म्हणत. आपल्याला काय म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यात त्यांना थोडा अभिमानच होता. वहिनी मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून 'वन्सं' म्हणत आल्या होत्या, 'अहो-जाहो' करत आल्या होत्या. वन्सं वयाने लहान, तरीही. सासरी आल्यावर जीभ एकदा जी वळली ती वळली.

आणि दोघींच्या मधला जो माणूस होता, वहिनींचा नवरा आणि वन्संचा दादा, तो जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली होती. दादा पोस्टमन होते. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात ते एका संध्याकाळी सायकलवरून चार रोपं घेऊन आले. कुठल्याशा कार्यालयात वाटून उरलेली फुकटची रोपं होती ती, सुबाभळीची. घरामागच्या मोकळ्या पट्टीत त्यांनी ती ओळीने लावली. झाडं कसली, भुतं होती. पाणी घाला, नका घालू, ती वाढतच गेली. पाच-सहा वर्षांत त्यांनी छप्पर ओलांडलं. त्यानंतर मागच्या पट्टीत दुसरं काही म्हणून उगवलं नाही, उगवली ती सुबाभळीचीच पिल्लं. पायरीच्या फटीत, पन्हळीत, एकदा तर वन्संच्या जुन्या चपलेतसुद्धा. वाळल्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत राहायच्या आणि झाडांची ती बारीक पानं खिडकीतून येऊन पांढऱ्या कापडावर पसरायची. वहिनी भर दुपारी दिवा लावून सुईत दोरा ओवायच्या.

त्यांना त्या झाडांचा मनापासून वीट आला होता. पण हे त्यांनी कधी ओठांवर येऊ दिलं नाही, कारण वन्सं. रोज सकाळी उठून वन्सं चहाचा कप घेऊन त्या झाडांखाली जायच्या, मान वर करून उभ्या राहायच्या आणि पुटपुटायच्या. आवाज लहान करून बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, आणि तरी तिथे त्या हळू बोलायच्या. स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी ते बघायच्या आणि गलबलून जायच्या. भावाशी बोलतेय बिचारी, त्यांना वाटायचं. बोलू दे. आपल्या डोळ्यांना काय, चष्म्याचा नंबर वाढवून घेऊ.

पण मोरीचं पाणी पुन्हा तुंबलं. या वेळी ते स्वयंपाकघरापर्यंत आलं आणि प्लंबर हसतहसत दारात उभा राहिला. तेव्हा मात्र वहिनींनी मनाचा हिय्या केला.

"वन्सं, नुसत्या फांद्या छाटून घेऊ या का?" त्यांनी विचारलं. "नुसत्या फांद्या हं."

"तुला चालेल?" वन्संनी विचारलं.

"मला काय, तुम्हाला चालत असेल तर."

"मला काय, तुला चालत असेल तर."

असं करत करत एका सकाळी झाडवाला आला. बरोबर त्याची बायको होती. तो हडकुळा, उंच, कमरेला पट्टा, पट्ट्याला करवत. ती चांगली भरभक्कम, खांद्यावर दोरखंडाची वेटोळी. तो झाडावर चढायचा आणि ती खाली दोर धरायची. "त्याचा जीव माझ्या मुठीत असतो," तिने आल्या आल्या सांगून टाकलं, "म्हणून तर नीट वागतो."

नवरा सरसर वर गेलासुद्धा. बायकोने दोर ताणला आणि विचारलं, "हं, बोला. फांद्या उतरवायच्या की बुडापासून आडवी करायची?"

"वन्संना विचारा," वहिनी म्हणाल्या.

"वहिनीला विचारा. तिच्या नवऱ्याची झाडं आहेत."

"तुमच्या भावाची आहेत."

"तुझ्या खिडकीसमोर आहेत."

"चहा घेऊन रोज तुम्ही जाता."

वरून आवाज आला, "ठरलं का? मला इथे मुंग्या चावतायत."

"तू गप्प बस. इथे कोर्ट भरलंय," बायको म्हणाली. मग तिने दोराचा एक वेढा शेजारच्या बुंध्याला मारला, हात कमरेवर ठेवले आणि दोघींकडे अशी पाहू लागली, जशी एखादी आई भांडखोर पोरांकडे बघते. "मला एक सांगा. ही झाडं तुम्हाला आवडतात का? एका शब्दात सांगायचं."

एवढ्या वर्षांत हा प्रश्न वहिनींना कुणी विचारलाच नव्हता. कदाचित म्हणूनच उत्तर आधी बाहेर पडलं आणि विचार नंतर आला.

"नाही," त्या म्हणाल्या, आणि घाबरून तोंडावर हात ठेवला.

वन्संचा जबडा खाली आला. "काय म्हणालीस?"

"म्हणजे तसं नव्हे हो वन्सं..."

"नाही म्हणालीस! ऐकलं मी!"

"चुकून बोलले. तुमचं मन दुखवायचं नव्हतं."

"अगं, मन कसलं दुखतंय! मला ती झाडं डोळ्यांसमोर नको झालीत!" वन्संचा आवाज आता असा लागला की पलीकडच्या घराची खिडकी उघडली. "मी तुझ्यासाठी गप्प होते! नवऱ्याची आठवण म्हणून तू ती जपतेस असं वाटलं मला!"

"आणि रोज सकाळी त्यांच्याशी बोलता ते?"

"बोलते? शिव्या घालते मी त्यांना! आज कुठली फांदी कौलांवर टाकणार आहेस मेल्या, असं विचारते. तुला ऐकू जाऊ नये म्हणून हळू."

"मला वाटलं, ह्यांच्याशी बोलताय."

"दादाशी बोलायचं तर झाडाशी कशाला बोलू? दादालाच नको होती ती. शेवटी शेवटी मला म्हणायचा, ताईडे, केव्हाच पाडली असती गं, पण तुझ्या वहिनीचा जीव आहे त्यांच्यावर."

"माझा?"

"ती लावली त्या दिवशी तू म्हणे म्हणालीस, किती छान आहेत."

वहिनींच्या डोळ्यांपुढे ती संध्याकाळ उभी राहिली. सायकल भिंतीला टेकलेली. टपालाच्या पिशवीतून डोकावणारी चार काडीएवढी रोपं, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. ह्यांच्या कपाळाला चिखल. आणि ह्यांनी विचारलं होतं, कशी आहेत? वहिनी त्या घरात नव्या होत्या, धड कुणाशी बोलायची सवय नव्हती, आणि समोर हा माणूस कौतुकाच्या आशेने उभा. काय म्हणायचं मग? छान आहेत, त्या म्हणाल्या होत्या. सावली चांगली पडेल.

"तेवढ्यावर?" वन्सं म्हणाल्या.

"तेवढ्यावर," वहिनी म्हणाल्या.

आधी वन्सं हसल्या, का आधी वहिनी, हे सांगता येणार नाही. पण एकदा सुरू झालं ते आवरेना. वहिनी पायरीवर बसल्या, वन्सं त्यांच्या खांद्यावर कोसळल्या. एवढी वर्षं तिघांनी एकमेकांसाठी चार झाडं सांभाळली होती, आणि तिघांपैकी एकालाही ती नको होती. हसता हसता वहिनींना रडू आलं आणि रडता रडता पुन्हा हसू. झाडवाल्याची बायकोही तोंड दाबून हसत होती.

"वर एक माणूस आहे, लक्षात आहे का कुणाच्या?" वरून विचारणा झाली.

"बुडापासून!" दोघी एका आवाजात ओरडल्या.

ते काम दोन दिवस चाललं. झाडवाला शेंड्यापासून सुरुवात करायचा. फांदीला दोर बांधायचा, कापायचा, आणि बायको तो दोर हळूहळू सैल सोडत फांदी जमिनीवर अलगद आणायची, जशी काही झोपलेल्या लेकराला अंथरुणावर ठेवतेय. एकही कौल हललं नाही. जसजशा फांद्या उतरत गेल्या तसतसा मागच्या खोलीत उजेड येत गेला. आधी खिडकीच्या चौकटीवर, मग मशीनवर, मग पार पलीकडच्या भिंतीपर्यंत. भिंतीचा रंग आपल्याला वाटत होता तसा राखाडी नव्हताच, चांगला पिवळा होता, हे वहिनींना त्या दिवशी कळलं. वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला. गालांवर केवढ्या तरी बारीक सुरकुत्या होत्या. ही केव्हा म्हातारी झाली? वहिनींनी मनात विचारलं. इथेच तर होती सगळा वेळ.

संध्याकाळी लाकडं गाडीवर चढली. मागे उरले चार बुडखे, प्रत्येक जेवणाच्या ताटाएवढा रुंद.

"हे असेच ठेवलेत तर आठवड्याभरात धुमारे फुटतील," झाडवाल्याची बायको म्हणाली. "सुबाभूळ म्हणजे चिवट जात. मुळासकट काढायला हवेत. तुमच्या बोळातून यंत्र आत यायचं नाही. आमच्याकडे चेन-पुली आहे, पण ती सध्या दुसऱ्या कामावर अडकलीय. मोकळी झाली की येतो. तोवर हात लावू नका. कंबर जाईल."

त्या रात्री वन्सं जेवताना काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. एरवी त्या आंघोळ करताना, घराला जिना नसूनही जिना चढल्यासारखं धापा टाकत कपडे वाळत घालताना, झोपेतसुद्धा बोलायच्या. आता घरात मशीनचा आवाज तेवढा होता. वहिनींनी आवडीची भाजी केली. वन्संनी ती गुमान खाल्ली. गिऱ्हाईक आलं, त्याच्या वाढलेल्या पोटाबद्दल वन्सं अवाक्षर बोलल्या नाहीत. वहिनींचं मन खाऊ लागलं. वर वर हसली, पण आतून लागलं असेल तिला. भावाच्या हातची झाडं. आपण 'नाही' म्हटलं नसतं तर.

तिसऱ्या दुपारी मागून धपाधप आवाज येऊ लागला. वहिनी बघायला गेल्या तर वन्सं बाह्या सरसावून, डोक्याला फडकं बांधून, पहिल्या बुडख्याभोवती कुदळ मारत होत्या.

"अहो वन्सं! ती बाई काय सांगून गेली?"

"ती येईल तेव्हा येईल. मला नाही थांबायचं."

"कंबर मोडेल."

"माझी कंबर आहे."

वहिनींनी थोडा वेळ पाहिलं. वन्सं कुदळ टाकायच्या ती मातीवर कमी आणि मुळावर जास्त पडायची, आणि दर फटक्याला त्यांचे दात वाजायचे. शेवटी वहिनी आत गेल्या, मशीनवर झाकण घातलं, जुने कपडे चढवून आल्या आणि फावडं उचललं. एकीने खणायचं, दुसरीने माती उपसायची. मग वहिनींना सुचलं म्हणून त्यांनी नळाची रबरी नळी आणून पाण्याची धार बुडख्याच्या बुडाशी सोडली. माती धुऊन निघाली आणि मुळं उघडी पडली. पोटरीएवढी जाड, एकमेकींत गुंतलेली. मोठी मुळं करवतीने कापायची, लहान कुऱ्हाडीने. एखादं मूळ तुटलं की वहिनी "हां!" म्हणायच्या, पण वन्संकडून उत्तर यायचं नाही.

उन्हं कलेपर्यंत खड्डा कमरेएवढा झाला. वन्सं आत उतरून एका मुळाला दोन्ही हातांनी धरून मागे रेटा देत होत्या. "अर्धं कापलंय, आता येईल," त्या दातओठ खात म्हणाल्या. आणि ते खरंच आलं. फाडकन तुटलं, आणि वन्सं मागच्या मागे चिखलात बसल्या, पचकन.

"लागलं का हो?" वहिनी धावल्या.

"नाही."

"उठा मग."

"उठवत नाही."

वहिनींनी वरून हात दिला. वन्संनी तो धरला. पण वर काही यायच्या नाहीत. मग वहिनी खड्ड्याच्या काठाला पाय देऊन ओढू लागल्या, काठ ढासळला, आणि त्याही घसरून खाली आल्या. आता दोघी समोरासमोर चिखलात बसलेल्या, मध्ये बुडखा. वहिनींना हसू फुटलं. त्यांनी वन्संकडे पाहिलं, आणि हसू तिथेच थांबलं. वन्सं रडत होत्या. आवाज न करता.

"झाडांसाठी रडताय का?" वहिनींनी हळूच विचारलं.

"झाडं गेली खड्ड्यात."

"मग?"

वन्संनी चिखलाच्या हाताने नाक पुसलं. "इतकी वर्षं तुला ती झाडं नको होती. आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस. दादाची म्हणून ठेवलीस."

"ते झालं ना आता."

"झाडं चार होती," वन्सं म्हणाल्या. "दादाच्या मागे तुझ्या घरात राहिलेली पाचवी मी. मलाही असंच ठेवलंयस का? दादाची म्हणून?"

वहिनींना राग आला. असा राग त्यांना कित्येक वर्षांत आला नव्हता.

"काय बोलतेस तू हे?"

वन्संनी चमकून वर पाहिलं. हे 'तू' त्यांनी वहिनींच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. वहिनींच्या मात्र ते लक्षात आलं नाही, त्या तशाच पुढे सुटल्या.

"खरं ऐकायचंय ना तुला? मग ऐक. ओला टॉवेल तू खुर्चीवर टाकतेस, ते मला आवडत नाही. माझ्या गिऱ्हाइकांच्या पोटांवर बोलतेस, तेही नाही. तू आमटी ढवळलीस की ती खारट होते, कारण मी मीठ घातलेलं असतं आणि तू न विचारता पुन्हा घालतेस. आणि तुझा तो आवाज! पलीकडच्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजलं ते मला तुझ्या तोंडून कळतं आणि त्यांना आपलं कळतं. झालं? अजून हवंय? भरपूर आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"चूक झाली. आजपासून रोज सांगीन."

वन्सं हुंदका गिळत म्हणाल्या, "हे सगळं नावडतं. आवडतं ते काय?"

आता आली का पंचाईत. नावडतं सांगायला वहिनींना रागाने बळ दिलं होतं. हे सांगायला काहीच हाताशी नव्हतं. त्या बुडख्यावरची माती नखाने खरवडत राहिल्या.

"हे गेले त्या वर्षी," अखेर त्या म्हणाल्या, "तू नोकरीवर जायचीस आणि दुपारी मी एकटी असायचे. घर खायला उठायचं. मशीनवर बसवायचं नाही. तेव्हा मी फोन करायचे."

"कुणाला?"

"चौकशीला. तुमच्या तिथे दहा-बारा जणी असायच्या ना? दुसरीचा आवाज आला की मी ठेवून द्यायचे. परत लावायचे. तू आलीस, 'नमस्कार, चौकशी, बोला' म्हणालीस, की ऐकायचे. तू तीनदा 'बोला, बोला, बोला' म्हणायचीस आणि चिडून ठेवायचीस. मग मला बरं वाटायचं. मग मी शिवायला बसायचे."

नळीतून पाणी ठिबकत होतं.

"मुकी," वन्सं म्हणाल्या.

"काय?"

"आम्ही तिला मुकी म्हणायचो. रोज दुपारी यायचा तो फोन. आमची मुख्य बाई तक्रार करणार होती, मीच म्हटलं नको, असेल कुणी दुःखी बिचारी." वन्संचे डोळे विस्फारले. "अगं, ती तू? मी घरी येऊन तुला तिच्याबद्दल सांगायचे, आणि तू काय म्हणायचीस?"

"मी म्हणायचे, ठेवू नका हो एवढ्या लवकर. बोलत राहा जरा."

आणि मग वन्सं हसल्या. त्यांच्या नेहमीच्या आवाजात, गल्ली दणाणून जाईल अशा. त्या हसल्या, वहिनींच्या गळ्यात पडल्या, चिखल चिखलाला लागला. वहिनींनी त्यांची पाठ थोपटली. पलीकडच्या घराची खिडकी पुन्हा उघडली आणि शेजारीणबाईंनी विचारलं, "काय झालं हो? पडलात की काय?"

"पडलोय!" वन्सं ओरडल्या. "शिडी द्या!"

पुढच्या आठवड्यात झाडवाला आणि त्याची बायको चेन-पुली घेऊन आले. पहिल्या बुडख्याभोवतीचा खड्डा बघून बाईने कपाळावर हात मारला. "म्हटलं होतं ना, हात लावू नका?"

"हात नाही लावला," वन्सं म्हणाल्या. "बसलो होतो त्यात."

तीन जाड लोखंडी नळ्यांची तिपाई खड्ड्यावर उभी राहिली. तिच्या टोकाला पुली, पुलीची साखळी बुडख्याला. बाईने वहिनींच्या हातात साखळी दिली. "तुम्ही ओढा. जोर लागत नाही. फक्त थांबायचं नाही." वहिनी ओढू लागल्या. कड्या कटकट करत सरकत होत्या आणि बुडखा जागचा हलत नव्हता. वाटलं, काही होत नाहीये. मग जमिनीखालून एक कण्हल्यासारखा आवाज आला. खड्ड्याच्या तळाशी भेग पडली, बुडखा एका बाजूला कलला आणि खालचं उभं, जाडजूड सोटमूळ तडातड तोडत हळूहळू वर आला. मातीचा दमट, थंड वास सगळीकडे पसरला. वहिनींच्या हातांना फोड आले होते आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

"दमलीस तर मी ओढते," वन्सं म्हणाल्या.

"नाही. हा माझा आहे. दोन मी, दोन तू."

बाकीचे तीन दिवसभरात निघाले. मोरीजवळच्या खड्ड्यात प्लंबरने नवा पाइप टाकला आणि त्या जागी काही लावायचं नाही असं बजावून तो गेला, थोडासा खट्टू होऊनच. उरलेले तीन खड्डे दोघींनी भरले. माती चाळणीने चाळून त्यातले मुळांचे तुकडे वेचले, पालापाचोळ्याचं खत कालवलं, आणि माती खाली बसावी म्हणून पाणी सोडून ती तशीच काही दिवस मुरू दिली.

मग नर्सरीत जायचं ठरलं, आणि तिथे जाईपर्यंत वाटेतच भांडण लागलं.

"पेरू लावू," वन्सं म्हणाल्या.

"मला पेरू आवडत नाही," वहिनी म्हणाल्या.

वन्सं भर रस्त्यात थांबल्या. "एवढी वर्षं खातेस की!"

"तू आणतेस म्हणून. बिया दातात अडकतात."

"बाई गं! आणखी काय काय खातेस तू माझ्यासाठी?"

"सांगते. चल आधी."

नर्सरीवाल्याने त्यांना अर्धा दिवस सहन केलं. वहिनींना लिंबू हवं होतं. झुडूप बुटकं राहील, खिडकी झाकणार नाही, फुलांचा वास येईल. वन्संना लिंबाचे काटे नको होते. वहिनी म्हणाल्या, काटे मला टोचतील, तुला काय. शेवटी लिंबू घेतलं. मग पेरूची चांगली दणकट रोपं होती तिथे वहिनी स्वतःच जाऊन उभ्या राहिल्या, खालची पानं उलटून कीड आहे का बघितली आणि एक बाजूला काढलं.

"तुला आवडत नाही ना?" वन्सं म्हणाल्या.

"मला नाही. तुला आवडतो. पण खिडकीपासून लांब, बोळाच्या कडेला. आणि मला खायला लावायचा नाही."

"नाही लावणार."

"आग्रहसुद्धा नाही."

"बरं बाई."

रोपं लावली त्या संध्याकाळी वन्संनी बोळातून जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून दाखवलं, हे लिंबू, हा पेरू. लिंबू आधी वन्संनी लावलं ते वहिनींना खिडकीच्या फार जवळ वाटलं, म्हणून उपटून हातभर पुढे लावलं. मग वन्संना ते तिरकं वाटलं, म्हणून पुन्हा सरळ केलं. लिंबाने हे सगळं निमूट सोसलं आणि पुढच्या काही दिवसांत कोवळी, चकचकीत पानं काढली. पेरू थोडा रुसला, दोन पानं गाळली, मग तोही लागला.

आता सकाळी दोघी चहा घेऊन मागे जातात. डाळिंब लावावं असं वन्संचं म्हणणं आहे. वहिनींचं म्हणणं, डाळिंब नको, त्यापेक्षा अंजीर. शेजारीणबाई खिडकीतून सीताफळ सुचवतात, आणि त्यावर दोघी मिळून त्यांना गप्प करतात. कधी कधी हा वाद इतका रंगतो की मशीनवरचं काम दुपारवर जातं. गिऱ्हाईक येऊन उभं राहतं, त्यालाही मत विचारलं जातं, आणि त्याने कुठल्याही बाजूने दिलं तरी ते मोडीत निघतं.

तिसऱ्या खड्ड्याचं अजून ठरलेलं नाही.